पर्यावरणवाद हा नवा धर्म आहे काय?

१/
नोव्हेंबर २००९. लंडनच्या कामगार अपील न्यायाधिकरणाने एका विलक्षण वादाचा निकाल दिला. एका मालमत्ता कंपनीतून कमी केलेल्या अधिकाऱ्याचा दावा असा होता की, हवामानबदलाविषयीच्या आपल्या दृढ श्रद्धेमुळेच आपली नोकरी गेली; ही श्रद्धा धर्मश्रद्धेच्या तोडीची आहे आणि कायद्याने तिला तेच संरक्षण द्यावे. कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद याच्या नेमका उलट होता. हा तर विज्ञानाचा विषय आहे, असे ते म्हणत होते. ज्याचे प्रमाण देता येते त्याला श्रद्धा कसे म्हणायचे?

२/
एरवीच्या भूमिका येथे पूर्ण उलटल्या होत्या. उद्योगजगताने पर्यावरणवाद्यांना ‘तुमचा हा धर्म झाला आहे’ असे हिणवावे आणि पर्यावरणवाद्यांनी ‘आमच्यामागे विज्ञान आहे’ असे उत्तर द्यावे, हा नेहमीचा रिवाज. न्यायमूर्ती मायकेल बर्टन यांनी अधिकाऱ्याचा दावा चालवण्याजोगा ठरवला. त्यासाठी लावलेल्या कसोट्यांपैकी एक अशी : ते केवळ उपलब्ध माहितीवर बेतलेले मत असून चालणार नाही, ती श्रद्धा असली पाहिजे. गंमत म्हणजे याच न्यायमूर्तींनी दोन वर्षांपूर्वी अल गोर यांच्या हवामानबदलावरील चित्रपटातील नऊ विधाने रूढ शास्त्रीय मताशी जुळत नाहीत, असे नोंदवले होते. चित्रपटाचा मुख्य आशय मात्र त्यांना बरोबर वाटला होता.

३/
‘ग्रेंजर विरुद्ध निकल्सन’ या नावाने हा खटला आता कायद्याच्या पुस्तकांत गेला आहे. पर्यावरणवाद धर्मासारखा आहे काय, हा प्रश्न मात्र त्याहून बराच जुना. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, साम्य आहे, ते वरवरचे नाही आणि त्याला दीड शतकाचा इतिहास आहे. मात्र त्या साम्यावरून जो निष्कर्ष घाईने काढला जातो, तो टिकत नाही. आणि या साम्याने ज्यांचे खरोखर नुकसान केले, ती माणसे या वादात सहसा कोणाला आठवतही नाहीत. हा धागा मुख्यतः त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

४/
आरोपाची सर्वांत गाजलेली मांडणी मायकेल क्रायटन यांची. ‘ज्युरासिक पार्क’चे हे लेखक १५ सप्टेंबर २००३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील कॉमनवेल्थ क्लबमध्ये बोलले. पर्यावरणवाद म्हणजे ज्यू-ख्रिस्ती पुराणकथेची जशीच्या तशी नवी आवृत्ती, हा त्यांच्या भाषणाचा गाभा. आरंभी एक नंदनवन, मग ज्ञानाचे फळ चाखल्यामुळे पतन, पुढे प्रदूषणरूपी पाप, शेवटी सर्वांचा न्यायनिवाडा. आणि त्यातून सुटण्यासाठी शाश्वत जीवनशैलीचा मोक्षमार्ग. सेंद्रिय अन्न हा प्रसाद. जुळणी इतकी चपखल होती की तेव्हापासून ती हजारो लेखांत उसनी घेतली गेली.

५/
याच भाषणात क्रायटन यांनी डीडीटीवरील बंदीने लक्षावधी गरिबांचे बळी घेतल्याचाही आरोप केला. तो मात्र तपासून घ्यावा. अमेरिकेची १९७२ची बंदी अमेरिकेपुरती होती, आणि स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय कराराने रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी डीडीटीला स्पष्ट सवलत ठेवली. भारताने ती वापरली. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे केंद्र सरकारच्या कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत राहिले आणि हिवताप व काळा आजार यांच्याविरुद्ध फवारले जात राहिले. श्रद्धेपेक्षा तथ्याकडे वळा, असे बजावणाऱ्या भाषणात हा तपशील सुटला.

६/
क्रायटन ज्या शहरात बोलत होते, त्या शहराच्या नळांना येणारे बहुतांश पाणी कोठून येते, हेही त्यांनी श्रोत्यांना सांगायला हरकत नव्हती. ते येते हेच हेची या दरीतून. पर्यावरणवादाला धर्माची भाषा कशी लाभली, याचा शोध घेणाऱ्याला त्या दरीत उतरावेच लागते.

७/
जॉन म्यूर यांचा जन्म १८३८ मध्ये स्कॉटलंडमधील डनबार येथे झाला. वडील कमालीचे कर्मठ ख्रिस्ती. मुलाने बायबल मुखोद्गत करावे यासाठी ते छडी वापरत. परिणामी संपूर्ण नवा करार आणि जुन्या कराराचा बराचसा भाग या मुलाला बालपणीच पाठ होता. १८४९ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. पुढे म्यूर चर्चपासून दूर गेले, पण छडीच्या धाकाने जिभेवर बसलेली भाषा गेली नाही. १८६८ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटीची दरी पाहिल्यानंतर ती भाषा पर्वतांना, हिमनद्यांना आणि देवदारांना लागू झाली. दरी हे देवालय झाले, कडे वेदी झाले, आणि वारा स्तोत्रे म्हणू लागला.

८/
१८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले. १८९२ मध्ये म्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएरा क्लब स्थापन केला. उद्यानाच्या हद्दीतच हेच हेची नावाची दुसरी दरी होती, योसेमिटीची धाकटी बहीण म्हणावी अशी. सॅन फ्रान्सिस्कोला तेथे धरण हवे होते. १८ एप्रिल १९०६ रोजी भूकंप झाला; त्यामागोमाग लागलेल्या आगीत शहर जळाले, आणि पाण्याच्या मागणीला धार आली.

९/
म्यूर यांनी धरणाविरुद्ध जी मोहीम चालवली तिची भाषा अभियंत्याची नव्हती, प्रेषिताची होती. धरण बांधू पाहणारे हे त्यांच्या लेखी मंदिरभंजक होते. हेच हेची बुडवायची तर मग लोकांची चर्चेही पाण्याच्या टाक्या करून टाका, कारण मानवी हृदयाने याहून पवित्र मंदिर कधी वाहिलेले नाही, असा त्यांचा सूर होता. विरोधी बाजूला वनखात्याचे गिफर्ड पिंचो होते. जास्तीत जास्त लोकांचे दीर्घकालीन हित, हे त्यांचे सूत्र. निसर्ग राखायचा, पण वापरण्यासाठी.

१०/
न्यायाने पाहता शहराची बाजू पोकळ नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचा पाणीपुरवठा एका खासगी कंपनीच्या मुठीत होता आणि सार्वजनिक मालकीचे पाणी ही तेव्हाच्या सुधारणावाद्यांची रास्त मागणी होती. म्यूर यांच्या लिखाणात त्या नागरिकांची तहान फारशी दिसत नाही. १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली. वर्षभरानंतर, २४ डिसेंबर १९१४ रोजी म्यूर निवर्तले. १९२३ मध्ये धरण पूर्ण झाले. १९३४ मध्ये पाणी शहरात पोहोचले.

११/
लढाई हरली, पण भाषा जिंकली. निसर्ग हे पवित्र क्षेत्र, त्याला हात लावणे हा भ्रष्टाचार आणि त्याचा रक्षक हा भक्त, ही चौकट अमेरिकी चळवळीत रुजली. इतिहासकार मार्क स्टोल यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, अमेरिकेतील आरंभीच्या निसर्गरक्षकांत कॅल्विनपंथी परंपरेत वाढलेल्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके मोठे होते. मनुष्य मुळात पतित आहे, सृष्टी हा ईश्वराचा ग्रंथ आहे, चैन ही संशयास्पद गोष्ट आहे आणि शेजाऱ्याला त्याचे पाप दाखवून देणे हे कर्तव्य आहे, या चार गोष्टी त्या घरांतून आल्या. आज एखाद्याच्या विमानप्रवासावर जो कडवट उपदेश ऐकू येतो, त्याचा स्वर ओळखीचा वाटतो तो यामुळे.

१२/
हे साम्य प्रथम शत्रूंनी दाखवले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट यांनी डिसेंबर १९६६ मध्ये दिलेले व्याख्यान मार्च १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सृष्टीवर मनुष्याची सत्ता सांगणारी पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणा हे पर्यावरणीय संकटाचे एक मूळ आहे, ही त्यांची मांडणी सर्वांना माहीत असते. पुढचा भाग मात्र विसरला जातो. मूळ धार्मिक आहे तर उपायही धार्मिकच असावा लागेल, असे व्हाइट म्हणाले, आणि असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे अधिष्ठाते संत मानावे, असे त्यांनी सुचवले. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी नेमके तेच केले.

१३/
तेव्हा साम्य मान्य. पण त्यातून सिद्ध काय होते?

१४/
योहानेस केप्लर ग्रहांच्या कक्षांत ईश्वराची भूमिती शोधत होता. ग्रेगोर मेंडेल मठात राहून वाटाणे मोजत होता. केप्लरचे नियम त्याच्या भक्तीमुळे खोटे ठरत नाहीत, तसेच वितळणाऱ्या हिमनद्या म्यूर यांच्या स्तोत्रांमुळे गोठत नाहीत. एखादे म्हणणे कोणत्या भावनेने मांडले, हा इतिहासाचा प्रश्न. ते खरे आहे की नाही, हा मोजमापाचा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका होत नाही.

१५/
ओझोनचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होईल, असे गणित मांडले. उद्योगांनी ते अतिरंजित ठरवले. १९८५ मध्ये तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केली. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियलचा करार झाला. बंदी आली, पर्यायी रसायने आली, आणि थर आता हळूहळू भरून येत आहे. या प्रकरणातही ‘आकाश कोसळणार’ अशी आरोळी होती, भय होते, नैतिक आवेश होता. आरोळी खरी होती, एवढेच.

१६/
उलट उदाहरणही तितक्याच स्वच्छपणे नोंदवले पाहिजे. १९६८ मध्ये पॉल अर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक आले. त्याच्या आरंभी दिल्लीतील एका उकाड्याच्या रात्रीच्या टॅक्सीप्रवासाचे वर्णन आहे. रस्त्यावरची गर्दी पाहून लेखक हादरला होता. १९७०च्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील आणि ते आता टळणार नाही, असे भाकीत त्यात होते. तसे घडले नाही. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी त्यांच्याशी पैज लावली : तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू दहा वर्षांत महाग होतील की स्वस्त? १९९० मध्ये अर्लिक हरले आणि त्यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पाठवला. मूळ भूमिका मात्र सोडली नाही.

१७/
धर्मेतिहासात याला जुने उदाहरण आहे. विल्यम मिलर या अमेरिकी उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही येशूच्या पुनरागमनाची तारीख धरली होती. रात्र सरली, कोणी आले नाही. काही अनुयायी घरी गेले. काहींनी गणित नव्याने मांडून श्रद्धा वाचवली. भाकीत फसल्यानंतर माणूस काय करतो, ही धर्म आणि शास्त्र यांना वेगळे करणारी कसोटी बरीच विश्वासार्ह आहे. अर्लिक त्या कसोटीला उतरले नाहीत. ओझोनचे शास्त्रज्ञ त्या कसोटीपर्यंत मोजमाप घेऊनच गेले होते.

१८/
येथपर्यंतचा वाद पाश्चात्त्य जगात पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून लढला गेला. पण नंदनवनाच्या कथेचा एक भाग असा आहे की ज्याची किंमत पुस्तकांबाहेर मोजली गेली. नंदनवनात माणूस नसतो. असला तर त्याला हाकलले जाते.

१९/
म्यूर यांच्या दृष्टीला निर्मनुष्य देवालय वाटलेली योसेमिटी निर्मनुष्य नव्हती. तेथे आवानीची लोक राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने त्यांचा पाठलाग करत त्या दरीत प्रवेश केला आणि त्यांना तेथून हुसकावले. म्यूर यांच्या लिखाणात मूळनिवासींचे जे उल्लेख येतात, त्यांतील काही तुच्छतेचे आहेत. सिएरा क्लबने जुलै २०२० मध्ये आपल्या संस्थापकाच्या या वृत्तीची जाहीर कबुली दिली. संताच्या मूर्तीवरचा डाग त्याच्याच मठाने दाखवावा, ही गोष्ट किरकोळ नाही.

२०/
१९८९ मध्ये रामचंद्र गुहा यांनी अमेरिकी ‘सखोल पर्यावरणवादा’वर जी टीका केली तिचा रोख हाच होता. निर्मनुष्य अरण्याची भक्ती ही श्रीमंत आणि विरळ वस्तीच्या देशाची चैन. ती भारतात जशीच्या तशी आणली की तिचा भार गरीब गावकऱ्यांवर पडतो. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण त्यांनी दिले. मेळघाटातील कोरकूंना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. पण याचे सर्वांत स्वच्छ, आणि सर्वांत दुःखद, उदाहरण राजस्थानात आहे.

२१/
भरतपूरजवळचे केवलादेव. नाव तेथील शिवमंदिरावरून आले. सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा पाणथळ प्रदेश पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. एके काळी सायबेरियन क्रौंच हिवाळ्यात येथे उतरत. पण ही दलदल आदिम नाही. भरतपूरच्या राजांनी बांधबंदिस्ती करून, कालव्याने पाणी खेळवून ती वाढवली, आणि तीही बदकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तेथील शिळेवर कोरलेला आहे. शिकारीच्या काळातही आसपासच्या गावांच्या म्हशी या पाण्यात चरत होत्या.

२२/
१९८२ मध्ये केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. गुरे हा पक्ष्यांच्या अधिवासाला उपद्रव, असे तज्ज्ञांचेही मत होते. सलीम अली यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचा चराईबंदीला पाठिंबा होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. वैरणीची दुसरी सोय झाली नव्हती. गावकरी एकत्र आले, पोलिसांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि काही गावकरी मारले गेले.

२३/
त्यानंतर जे घडले ते पर्यावरणवादाच्या प्रत्येक भक्ताने आणि प्रत्येक निंदकाने वाचले पाहिजे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ पासूनची, सलीम अलींचीच संस्था, केवलादेवमध्ये १९८०च्या दशकात दीर्घकालीन अभ्यास करत होती. म्हशी गेल्या आणि पाण्यात पस्पलम जातीचे गवत माजले. उथळ पाणी त्याने व्यापून टाकले. मोकळ्या पाण्यावर पोहणाऱ्या आणि त्यात खाद्य शोधणाऱ्या पक्ष्यांची जागा कमी होत गेली. ज्या म्हशींना उपद्रव मानले होते, त्याच गवत खाऊन तळी मोकळी ठेवत होत्या.

२४/
संस्थेने हा निष्कर्ष दडपला नाही. ज्या बंदीला आपल्याच थोर पुरुषाचा पाठिंबा होता ती पाणथळीला हानिकारक ठरली, हे आपल्याच आकडेवारीनिशी तिने प्रसिद्ध केले आणि मर्यादित चराईची बाजू घेतली. कोणत्याही मठात असे सहसा घडत नाही. पर्यावरणवादाला सरसकट धर्म म्हणणाऱ्यांनी या एका अहवालाचा हिशेब द्यावा.

२५/
आणि तरीही बंदी उठली नाही. कायद्यातील शब्द तसेच राहिले. तोड म्हणून गावकऱ्यांना आत येऊन हाताने गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. जे काम म्हशी फुकट करत होत्या ते माणसांनी विळ्याने करावे, असा हा तोडगा. शास्त्रज्ञ बदलले होते. बदलली नव्हती ती चौकट, जिच्यात उद्यान म्हणजे सोवळ्यातली जागा आणि गाय-म्हैस म्हणजे विटाळ. शोधायची असेल तर धर्मांधता येथे शोधावी. पर्यावरणवाद्यांच्या भावनेत ती जितकी नाही तितकी ती कायद्यात गोठलेल्या त्यांच्या जुन्या समजुतींत आहे, आणि तिची शिक्षा भरतपूरच्या गुराख्यांनी भोगली. क्रायटन यांच्या भाषणात अशा गुराख्यांना जागा नव्हती. त्यांच्या टीकाकारांच्या उत्तरांतही ती क्वचितच सापडते.

२६/
मराठीत हा वाद घालताना एक अडचण येते, आणि ती उपयोगाची आहे. इंग्रजीत ज्याला रिलिजन म्हणतात त्याहून ‘धर्म’ हा शब्द कितीतरी विस्तृत आहे. वाहणे हा पाण्याचा धर्म, जाळणे हा अग्नीचा. शेजारधर्म आहे, राजधर्म आहे, दानधर्म आहे. या अर्थाने पाणी राखणे हा धर्मच, आणि त्यात कोणाला आरोप वाटणार नाही. क्रायटन ज्याला नावे ठेवत होते त्याला मराठीत ‘संप्रदाय’ म्हणणे अधिक नेमके : ज्याला गुरू आहे, गंडा आहे आणि बाहेरच्यांविषयी तुच्छता आहे.

२७/
सह्याद्रीतील देवराया पहिल्या अर्थाच्या. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा देवाच्या भयाने राखलेल्या या राया दुर्मीळ वनस्पती आणि झरेही राखत असल्याचे पुढे आले. त्यांचे गुणगान गाताना थोडे भान मात्र हवे. ज्या गावाने देवराईतली काडी उचलली नाही, त्याच गावाने शेजारचा डोंगर बोडका केलेला असू शकतो. देवाची हद्द संपली की भयही संपते.

२८/
पण कधी कधी देवाची हद्द म्हणजे अख्खा डोंगर असतो. ओडिशातील नियमगिरी हा डोंगरिया कोंध आदिवासींच्या लेखी नियमराजाचे स्थान. आणि त्याच्या माथ्यावर बॉक्साइट आहे. वेदान्त कंपनीच्या लांजीगढ येथील प्रकल्पासाठी ते काढायचे होते. वन, पाणी, जैवविविधता यांवर वर्षानुवर्षे वाद झाले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांना खाणीमुळे बाधा पोहोचते काय, याचा विचार ग्रामसभांनी करावा. ब्रिटिश अधिकाऱ्याला आपली पर्यावरणनिष्ठा धर्मासारखी आहे, असे पटवून द्यावे लागले होते. कोंधांना ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारण्याचीही गरज नव्हती. त्यांचा देव तेथे राहत होता.

२९/
कंपनीच्या बाजूने रोजगार होता, रस्ते होते, शाळा-दवाखान्यांची आश्वासने होती. नियमराजाचे अस्तित्व मोजून दाखवता येत नव्हते, आणि तसे कोणी मागितलेही नाही. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये बारा ग्रामसभा भरल्या. बाराही ग्रामसभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीची परवानगी नाकारली. ज्यांचा नकार होता, त्यांनी त्यासोबत येणारे दारिद्र्यही स्वीकारले होते; निदान त्या दिवशी तरी त्यांना ते पुरेपूर ठाऊक होते.

३०/
ग्रामसभांच्या आठ-नऊ महिने आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांसमोरही एक प्रश्न आला होता. हेच हेचीची दरी रिकामी करून म्यूर यांचे ते देवालय पुन्हा उघडे करता येईल काय, याची योजना आखावी की नाही? धरण तेथल्या तेथे फोडायचे नव्हते. केवळ योजना तयार करायची होती. हे शहर अमेरिकेतील सर्वांत पर्यावरणनिष्ठ शहरांपैकी एक मानले जाते आणि सिएरा क्लबचा जन्मही तेथलाच. सुमारे ७७ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटले.